वाशिंद ग्रामपंचायतीस खुले पत्र : भंगारवाल्याच्या आधी एक टेबल

प्रति,
मा. सरपंच, उपसरपंच, सर्व सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी
आणि ग्रामसभेला बसणारे सर्व वाशिंदकर,
वाशिंद, ता. शहापूर, जि. ठाणे.

विषय : घरोघरचे जुने कॉम्प्युटर भंगारात जाण्याआधी तपासण्याची सोय करणेबाबत.



मागणी आधीच सांगून टाकते. ग्रामसभेत मागणी शेवटाला ठेवली की तोवर लोक चपला शोधायला उठलेले असतात. ग्रामपंचायतीने महिन्यातला एक रविवार एक खोली द्यावी. खोलीत एक लांब टेबल, नीट अर्थिंग असलेला विजेचा बोर्ड आणि एक नोंदवही असावी. ज्याच्या घरी बंद पडलेला किंवा रडतखडत चालणारा कॉम्प्युटर आहे, त्याने तो तिथे आणावा आणि समोर बसून उघडून घ्यावा. दुरुस्त होत असेल तर करून घरी न्यावा. होत नसेल तरच तो ई-कचऱ्यात जावा. नवे कॉम्प्युटर मी मागत नाही. बोर्डाचा आणि अर्थिंगचा खर्च सोडला तर निधीही मागत नाही.

मी स्टेशनजवळ दुरुस्तीचं छोटं दुकान चालवते. हार्डवेअरचं काम आयटीआयला शिकले. "सर कधी येतील?" असं विचारणारं गिऱ्हाईक अजूनही येतं, त्याला बसायला स्टूल देते. जोडीला लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, मंडळांच्या पावत्या असं डीटीपीचं कामही चालतं. त्यामुळे गावातल्या बऱ्याच घरांतले कॉम्प्युटर मला माणसांइतकेच ओळखीचे आहेत.

हे पत्र आत्ताच लिहायचं कारण विंडोज. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला दिले जाणारे नेहमीचे सुरक्षा अपडेट बंद केले. कंपनी म्हणते विंडोज ११ घ्या. पण विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर किमान आठव्या पिढीचा लागतो. ही पिढी बाजारात आली २०१७ च्या उत्तरार्धात. म्हणजे पोरगा इंजिनिअरिंगला लागला म्हणून २०१५-१६ साली पीएफमधून पैसे काढून घेतलेला आय-फाइव्ह कंपनीच्या हिशेबाने बाद. तो यंत्र म्हणून ठणठणीत आहे. गावात मात्र बातमी पसरली ती वेगळीच : चौदा तारखेनंतर कॉम्प्युटर चालूच होणार नाही. लोक विचारायला आले, काहींनी विचारायचीही तसदी घेतली नाही. हातगाडी दारातून जात होती, तिच्यावर टाकून मोकळे झाले.

तेव्हा एकदा जाहीरपणे सांगायला हवं की विंडोज १० बंद पडलेलं नाही. ते चालतं, फक्त त्यात नव्याने सापडणारी भोकं आता बुजवली जात नाहीत. घरगुती वापरासाठी कंपनीने एक वर्षाची मुदतवाढही ठेवली आहे. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन-इन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला की ती फुकट मिळते. तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते. त्यानंतरही मार्ग आहेत, त्यांच्याकडे येतेच. पण ही एवढी गोष्ट गावाच्या पाटीवर खडूने लिहिली असती तरी काही कॉम्प्युटर वाचले असते.

आता टेबलावर नेमकं काय होईल ते सांगते, कारण 'दुरुस्ती' म्हटलं की लोकांना सोल्डरिंगचा धूर आणि हजारोंचं बिल दिसतं.

एक नमुना घ्या. एक काका आले. म्हणाले, कॉम्प्युटर चालू होतो, टायपिंग होतं, पण बँकेची साइट उघडत नाही, मुलाच्या परीक्षेची उघडत नाही, "तुमचं कनेक्शन खाजगी नाही" असा लाल इशारा येतो. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की मदरबोर्ड जुना झाला, नेट झेपत नाही, नवा घ्या. मी स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात पाहिलं. तारीख होती १ जानेवारी आणि साल कितीतरी वर्षांपूर्वीचं. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढी एक बॅटरी असते, तिचा नंबर सीआर२०३२, तीन व्होल्टची. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणं हे तिचं मुख्य काम. ती पाच-सात वर्षांनी संपते, आणि मग प्रत्येक वेळी कॉम्प्युटर चालू केला की त्याला वाटतं आपण आजच जन्मलो. प्रत्येक सुरक्षित वेबसाइटच्या प्रमाणपत्राला 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. कॉम्प्युटरचं घड्याळ त्या मुदतीच्या बाहेर असलं की ब्राउझरला ते प्रमाणपत्र खोटं वाटतं, आणि तो दार लावून घेतो. बॅटरी बदलली, तारीख लावली, बँक उघडली. तीच बॅटरी मनगटी घड्याळवाल्याकडे आणि वजनकाट्याच्या दुकानातही मिळते.

दुसरा प्रकार पावसाळ्याचा, आणि आपल्याकडे पाऊस काही थोडाथोडका पडत नाही. जुलै-ऑगस्टात महिनाभर न लावलेला कॉम्प्युटर चालू केला की आतून 'टूं टूं' वाजत राहतं आणि स्क्रीन काळाच. नव्वद टक्के लोकांचं निदान ठरलेलं : "गेला." बहुतेक वेळा काही गेलेलं नसतं. रॅमच्या पट्टीच्या सोनेरी पायांवर दमटपणाने पुट चढलेलं असतं. प्लग काढायचा, पट्टी दोन्ही खिट्ट्या दाबून बाहेर घ्यायची, शाळेतल्या पांढऱ्या खोडरबराने ते पाय हलक्या हाताने पुसायचे, भुगा झटकायचा, पट्टीची खाच जुळवून 'टक्' आवाज येईपर्यंत परत बसवायची. एवढं काम शिकवलं तर आठवीतलं पोरही करू शकतं.

आणि धूळ. महामार्ग जवळ, वीटभट्ट्या आजूबाजूला. कॅबिनेटचं झाकण काढलं की प्रोसेसरच्या पंख्याखाली लालसर थर निघतो. पंखा आणि प्रोसेसर यांच्यात उष्णता पुढे नेणारी पेस्ट असते. ती आठ-दहा वर्षांत सुकून भुकटी झालेली असते. प्रोसेसर तापला की तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, फारच तापला तर मशीन तडक बंद. लोक म्हणतात, "अर्ध्या तासाने आपोआप बंद होतो, व्हायरस आहे." व्हायरस नाही हो, धूळ आहे. अंगणात नेऊन ब्लोअर मारायचा. मारताना पंखा बोटाने धरून ठेवायचा, नाहीतर हवेने गरगर फिरून त्याचे बेअरिंग जातात. मग नवी पेस्ट, तांदळाच्या दाण्याएवढी. पॉवर सप्लायच्या डब्यात पाल मरून पडलेली सापडणं तर इतकं नेहमीचं आहे की तो डबा उघडायच्या आधीच मी नाकाला रुमाल लावते. तो डबा मात्र कुणी घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब काही काळ राहतो.

हे झालं फुटकळ. खरा फरक पडतो तो हार्ड डिस्क बदलल्याने, आणि यावर मी जरा थांबणार आहे, कारण 'कॉम्प्युटर म्हातारा झाला' या तक्रारीतला मोठा वाटा हिचा असतो. जुनी हार्ड डिस्क ही ग्रामोफोनच्या जातीची : फिरती तबकडी आणि तिच्यावर इकडून तिकडे पळणारा हात. हा हात सेकंदाला जेमतेम शंभर-दीडशे ठिकाणी पोचू शकतो. विंडोज १० मात्र चालू होताना हजारो छोट्या छोट्या फायली वेगवेगळ्या ठिकाणांहून मागतं. अपडेट, अँटिव्हायरस आणि शोधाची यादी बनवणारं खातं, सगळे एकदमच हात पुढे करतात. टास्क मॅनेजर उघडून पाहा, 'डिस्क'च्या खाली १००% दिसेल आणि प्रोसेसर मात्र दहा-पंधरा टक्क्यांवर हात बांधून बसलेला असेल. म्हणजे मेंदू रिकामा आणि हात दमलेला. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नाही, ती सेकंदाला हजारो ठिकाणांहून वाचते. तिची प्लगची जागाही तीच, सॅटाची, जी गेल्या वीसेक वर्षांतल्या जवळपास प्रत्येक डेस्कटॉपमध्ये आहे. २५६ जीबीची साधी एसएसडी घालायची, जुन्या डिस्कचे भाग आधी तिच्यात मावतील एवढे लहान करून त्यांची नक्कल फुकटच्या क्लोनझिलाने तिच्यावर करायची, वायर बदलायची. चहा होईपर्यंत चालू होत नसलेलं मशीन अर्ध्या मिनिटात डेस्कटॉपवर येतं. जुनी डिस्क धडधाकट असेल तर फोटो आणि व्हिडिओ ठेवायला आतच राहू द्यायची.

रॅम ४ जीबी असेल तर ८ करावी. इथे आता एक अडचण आली आहे. २०२५ च्या उत्तरार्धापासून एआयच्या डेटा सेंटरांनी जगभरातल्या मेमरी चिप्स उचलायला घेतल्या, आणि रॅमचे भाव असे चढले की मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडचा नेहमीचा दुकानदारही दर फोनवर सांगायला कचरतो. एसएसडीही महागली. म्हणूनच मेलेल्या मशीनमधून काढलेली डीडीआर-३ ची पट्टी आता टाकून द्यायची वस्तू राहिलेली नाही. टेबलाच्या खणात अशा पट्ट्या जमत गेल्या, तर ज्याच्या घरी ४ जीबी आहे त्याचं काम एका दमडीशिवाय होईल. फक्त पाहून घालायला हवी : डीडीआर-३ आणि डीडीआर-४ ची खाच वेगळ्या जागी असते, आणि लॅपटॉपमध्ये कित्येकदा १.३५ व्होल्टवर चालणारी 'डीडीआर-३ एल'च लागते. एकाच्या भंगारात दुसऱ्याचा पार्ट सापडणं ही गोष्ट घरात बसून होत नाही, त्यासाठी चार मशिनं एका जागी यावी लागतात. खोली मागण्याचं अर्धं कारण हेच.

अर्थिंगचा हट्ट का, तेही सांगते. "कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात," ही तक्रार इथल्या घरांत इतकी सरसकट आहे की लोक चप्पल घालून कॉम्प्युटर लावतात आणि प्रश्न सुटला म्हणतात. पॉवर सप्लायच्या तोंडाशी गाळणीसाठी दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून पत्र्याला आणि एक न्यूट्रलकडून पत्र्याला. अर्थिंग असेल तर त्यातून झिरपणारा करंट जमिनीत जातो. नसेल तर पत्रा फेज आणि न्यूट्रलच्या मधोमध, म्हणजे शंभर-सव्वाशे व्होल्टवर तरंगत राहतो. करंट थोडा असतो म्हणून माणूस वाचतो, पण यूएसबीला प्रिंटर जोडताना पोर्ट जळतो तो इथेच. तीन पिनांचं सॉकेट भिंतीवर असतं, त्याच्या तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. स्पाइक गार्डचाही अर्धा उपयोग अर्थिंगशिवाय जातोच. आणि वळवाच्या पावसात, मेच्या शेवटी कडाडायला लागलं की शहाणी माणसं प्लग काढतात पण नेटची वायर तशीच ठेवतात. खांबावरून आलेली तांब्याची केबल असेल तर वीज तिच्यातून येते आणि आधी राउटर, मग मदरबोर्डवरचा नेटचा पोर्ट, कधी कधी अख्खा मदरबोर्ड घेऊन जाते. जूनमध्ये माझ्याकडे येणारी कितीतरी मशिनं याच कारणाने आलेली असतात.

आता विंडोजच्या पुढचा मार्ग. ज्या मशीनला विंडोज ११ बसत नाही त्याच्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट बसतं. २ जीबी रॅमवर ते चालतं, ४ असली तर ऐसपैस, आणि मिंट २२ ला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत, विनामूल्य. लिब्रे ऑफिस, ब्राउझर, व्हिडिओ, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड, युनिकोडचे फॉन्ट, सगळं त्यात आहे. आपल्या सीडॅकने 'बॉस' नावाची भारतीय लिनक्सही काढली आहे. शाळकरी मुलं, रेल्वेच्या आणि पोलीस भरतीच्या तयारीची मुलं, युट्यूबवर भजनं ऐकणारे आजोबा, यांना यापलीकडे काही लागत नाही.

पण मी दुकानदार आहे, प्रचारक नाही. ज्याच्याकडे टॅली आहे त्याला लिनक्स देऊ नये. ठेकेदाराची डिजिटल सहीची यूएसबी, आधारचं बोट घेणारं मशीन यांची सगळी घडी विंडोजभोवती बसवलेली आहे. लिनक्सवर बसवायला गेलं तर रविवार जातो आणि सोमवारी परत विंडोज टाकावं लागतं. आणि निम्म्या तालुक्यात घराघरांत, दुकानांत जो कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर आहे, तो लिनक्सवर चालवायचा म्हणजे रडकुंडीला यायचं काम. एचपीचा १०२० त्या मानाने गुणी. ही यादी टेबलाशेजारी भिंतीवर लावली तर फुकटचा उत्साह आणि फुकटची बदनामी दोन्ही टळतील. मुदतवाढ संपल्यावरही कुणाला विंडोज १० च ठेवायचं असेल तर खुशाल ठेवावं, फक्त त्या मशीनवर बँकेचं काम करू नये.

एका जातीच्या मशीनला तर मी नेटच देत नाही. माझ्या दुकानातलं सगळ्यात म्हातारं मशीन विंडोज एक्सपीवर चालतं, त्यात पेजमेकर ७ आणि मराठीसाठी श्रीलिपी आहे, आणि लग्नसराईत दुकानात सगळ्यात जास्त राबतं तेच. पेजमेकरची ही शेवटची आवृत्ती २००१ ची. शहापूर-मुरबाडच्या कितीतरी छपाईवाल्यांकडे असं एखादं मशीन कोपऱ्यात असतं, आणि त्यात गेल्या वीस वर्षांच्या पत्रिका, जाहीरनामे, मंडळांचे अहवाल, देवस्थानांच्या देणगीदारांच्या याद्या असतात. हे सगळं जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की गावाच्या इतिहासाच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. अशी मशिनं जिवंत ठेवणं म्हणजे कंजूषपणा नव्हे. ती मरायच्या आत त्यातला मजकूर युनिकोडमध्ये आणायला हवा, आणि हे काम टेबलावर बसून करण्यासारखं आहे. मुलांना शिकवलं तर चार पैसेही मिळतील.

काय वाचवायचं नाही हेही सांगायला हवं, नाहीतर खोलीचं गोदाम होईल. पेंटियम ४ ला हात लावू नये. त्याच्यात मेहनत आणि वीज दोन्ही वाया जातात. काचेच्या मोठ्या डब्याचा मॉनिटर, म्हणजे सीआरटी, ठेवू नये आणि फोडूही नये, कारण त्याच्या काचेत शिसं असतं. लॅपटॉपची फुगलेली बॅटरी टोचू नये, दाबू नये, बाजूला काढून द्यावी. कोअर टू ड्युओवर सौम्य लिनक्स चालतं, पण त्यात नवे पैसे घालू नयेत. २०११ नंतरचा आय-थ्री किंवा आय-फाइव्ह असेल तर मात्र तो बिनधास्त उघडावा. दगड मारून पाहिल्याशिवाय आंबा पाडाला आला की नाही कळत नसेल, कॉम्प्युटरचं झाकण मात्र चार स्क्रूंचं असतं.

भंगारवाल्याबद्दल माझी तक्रार नाही. तो बिचारा किलोने घेतो. तक्रार आहे ती हार्ड डिस्कसकट देणाऱ्यांची. त्या डिस्कमध्ये आधारकार्डाचे स्कॅन, पॅन, सातबारा, मुलींचे फोटो, बँकेचं स्टेटमेंट असतं. 'डिलीट केलंय सगळं' याला अर्थ नाही. डिलीट केल्यावर फक्त यादीतलं नाव जातं, मजकूर तबकडीवर तसाच राहतो आणि फुकटच्या सॉफ्टवेअरने परत काढता येतो. टेबलावर एक नियम ठेवावा : ई-कचऱ्यात जाणाऱ्या प्रत्येक मशीनची डिस्क मालकासमोर काढायची. पुसून परत वापरायची, किंवा ड्रिलने भोक पाडून मालकाच्याच हातात द्यायची.

'माझी वसुंधरा'सारख्या अभियानांत ग्रामपंचायती गुणांसाठी धडपडतात. ई-कचरा संकलनाचा दिवस ठेवला जातो, टेम्पोसमोर फोटो निघतो आणि किती किलो जमला ते छापलं जातं. संकलन हवंच. पण जितके जास्त किलो तितकं गाव शहाणं, हा हिशेब मला पटत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. लॅपटॉप वापरताना जेवढं प्रदूषण होतं त्याच्यापेक्षा जास्त तो कारखान्यात बनतानाच होऊन गेलेलं असतं. म्हणजे आहे तो चार वर्षं जास्त चालवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. केंद्राच्या १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांतही नूतनीकरण करणाऱ्यांना स्वतंत्र जागा दिली आहे, आणि ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' नावाचं पोर्टलही काढलं. दिल्लीपर्यंत दुरुस्तीची आठवण पोचली आहे, तर ती वाशिंदच्या अहवालातही एका रकान्यात यावी : इतके आले, इतके दुरुस्त होऊन घरी गेले, इतके सुटे केले, इतके कचऱ्यात. नोंदवही मागते आहे ती यासाठी.

"मोबाइल असताना कॉम्प्युटर लागतो कुणाला?" हा प्रश्न येणारच. एखाद्या भरतीचा फॉर्म मोबाइलवर भरून पाहावा. फोटो अमुक केबीपेक्षा मोठा नको, तमुकपेक्षा लहान नको, सही वेगळी, जातीचा दाखला पीडीएफमध्ये, सगळं एकाच बैठकीत, नाहीतर सेशन संपतं. म्हणून पोरं सायबरमध्ये पन्नास-शंभर रुपये देऊन रांगेत बसतात. शेवटच्या दिवशी सर्व्हर आणि रांग दोन्ही तुंबतात. किन्हवली, डोळखांब, पलीकडे मुरबाडच्या धसई-टोकावड्याकडची मुलं तर एका फॉर्मसाठी दिवस घालवतात. दुरुस्त झालेलं मशीन मालकाला नको असेल तर ते अशा एखाद्या अभ्यासिकेत जावं.

हे आपल्या तालुक्याला नवं नाही. पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड या शिक्षकाने लोकवर्गणीच्या बळावर डिजिटल शाळा उभी केली, आणि राज्यभरातून शिक्षक शहापूर तालुक्यातला एक पाडा पाहायला आले. महागडं साहित्य परवडत नाही म्हणून थांबायचं नाही, ही गोष्ट तिथे आधीच करून दाखवली गेली आहे. केरळात तर सरकारची 'काइट' ही संस्था शाळांतले कॉम्प्युटर मुक्त सॉफ्टवेअरवर चालवते, आणि २०१८ पासून 'लिटल काइट्स' नावाचे विद्यार्थ्यांचे क्लब आहेत. त्यात मुलं स्वतः हार्डवेअर हाताळायला शिकतात. आपल्याकडे शाळेतलं मशीन बंद पडलं की ते जडवस्तू नोंदवहीत आकडा बनून बसतं. मुख्याध्यापकांना वाटतं, उघडलं आणि पार्ट कमी सापडला तर ऑडिटला उत्तर कोण देणार? त्यांची भीती खोटी नाही. निर्लेखनाआधी अशी मशिनं लेखी परवानगीने टेबलावर येऊ द्यावीत, असं एक पत्र ग्रामपंचायतीने जिल्हा परिषदेला पाठवायला हरकत नसावी.

आमच्या धंद्याविषयीही दोन शब्द. 'मदरबोर्ड गेला' हे निदान आम्ही दुरुस्तीवाले फार सहज करतो. शोधायला दोन तास लागतात, त्याचे पैसे द्यायला कुणी तयार नसतं, आणि नवीन मशीन विकण्यात सुटतं जास्त. लोकांसमोर झाकण उघडलं जाऊ लागलं की ही सवय कमी होईल. माझं नुकसान होईल का, असं एकीने विचारलं. बॅटरी बदलण्यात आणि रॅम पुसण्यात मला कधीच काही सुटलं नाही. एसएसडी बसवायला, डेटा काढायला लोक दुकानात येतीलच, आणि आत्तापेक्षा जास्त येतील, कारण कॉम्प्युटर जिवंत असतील.

एक गंमत जाता जाता. भातसा-तानसाचं पाणी आपल्या तालुक्यातून मुंबईला जातं, आणि मुंबईतल्या ऑफिसांनी तीन वर्षं वापरून काढलेले लॅपटॉप कसारा लोकलमधून इकडे येतात. चाकरमानी सांगतात, "कंपनीचा होता, स्वस्तात मिळाला." ते लॅपटॉप चांगले असतात, मजबूत बांधणीचे, आणि उघडायलाही सोपे. फक्त घेताना चार्जर मूळ आहे का, बॅटरी किती टिकते, आणि चालू करताना कंपनीचा पासवर्ड तर मागत नाही ना, हे पाहून घ्यावं. तेही टेबलावर आणून विकत घेण्याआधी दाखवता येईल.

व्यवस्थेचं म्हणाल तर : सुट्या भागांचे पैसे ज्याचं मशीन त्याने द्यावेत, पावतीसकट. मजुरी नाही. हार्डवेअर शिकलेली आयटीआयची मुलं गावात आहेत, त्यातली दोघं-तिघं यायला तयार आहेत. त्यांना अनुभवाचं पत्र ग्रामपंचायतीच्या सही-शिक्क्याने मिळालं तर पुष्कळ. स्क्रू ड्रायव्हर, ब्लोअर, पेस्ट, तपासायला एक चालू पॉवर सप्लाय आणि मॉनिटर मी आणते. खोडरबर शाळेतून. बोर्डाला एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही लावावेत, मुलं असणार आहेत.

सुरुवात कधी करायची हे ग्रामसभेने ठरवावं, पण अर्थिंगचा खड्डा पाऊस लागायच्या आत घ्यायला हवा. खाली मुरूम लागतो, आणि जूननंतर खणायला गेलं की खड्ड्यात नुसतं पाणी भरतं. कोळसा-मीठ आणि जीआय पाइप यांचा अंदाजखर्च वायरमनकडून लिहून घेतला आहे. तो सोबत जोडते.



आपली,
स्टेशनजवळची दुरुस्तीवाली,
वाशिंद

सोबत : अर्थिंगच्या अंदाजखर्चाचा कागद, एक.